होल्डच्या बटणामागची पेटी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील वकील, डॉक्टर, विमा-एजंट किंवा लहान व्यापारी यांच्या कचेरीत टेबलावर जो टेलिफोन दिसे, त्याच्या तबकडीखाली सहा बटणांची एक ओळ असे. डाव्या टोकाचे बटण लाल, उरलेली पाच पारदर्शक, आणि त्या पाचांपैकी प्रत्येक बटण एक्स्चेंजकडून आलेल्या एकेका स्वतंत्र लाइनचे असे. बटणाच्या आत बारीकसा दिवा असे: नवा फोन येत असला की तो सावकाश उघडझाप करी, कोणी बोलत असले की स्थिर जळे, आणि लाल बटण दाबून पलीकडच्या माणसाला थांबवून ठेवले असेल तर भरभर लुकलुके. हे सारे टेलिफोनमध्येच घडते आहे असे पाहणाऱ्याला वाटे, पण टेलिफोनच्या आत यांपैकी जवळजवळ काहीच नव्हते. दिव्याला वीज कधी द्यायची, ती कोणत्या तालात तोडायची, बोलणाऱ्याने रिसीव्हर ठेवला आहे की लाइन थांबवून ठेवली आहे, हे ठरवणारी सामग्री इमारतीच्या एखाद्या आडबाजूच्या खोलीत, भिंतीवर बसवलेल्या लोखंडी पेटीत असे. अमेरिकेतील टेलिफोनसेवेत मक्तेदारी असलेल्या बेल सिस्टिमच्या कागदपत्रांत तिला की-सर्व्हिस युनिट म्हटले आहे; येथे तिला नियंत्रक पेटी म्हणू. पुढे टेलिफोन टिकले आणि पेट्या गेल्या, आणि घरी बसून नवी पेटी घडवणाऱ्या हौशी तंत्रज्ञांची परंपरा याच विसंगतीतून जन्माला आली. त्या परंपरेचे मोल केवळ जुन्या वस्तू चालू ठेवण्यात नाही, कारण पेटी नव्याने बांधताना तिच्या मूळ रचनाकारांनी कोणत्या अडचणी सोडवल्या होत्या हे जितके स्पष्ट होते, तितके ते जुन्या पेटीकडे नुसते पाहून होत नाही.

एकाहून अधिक लाइन हाताळण्याचा मोठ्या कंपन्यांचा प्रश्न बराच आधी सुटला होता. त्यांच्याकडे खासगी स्विचबोर्ड असे, म्हणजे दोरीच्या टोकाचा प्लग खाचेत घालून बाहेरची लाइन आणि आतला टेलिफोन जोडण्याचा फलक, आणि त्यावर पगारी ऑपरेटर बसे. अडचण होती ती दोन ते पाच लाइन असलेल्या लहान कचेऱ्यांची. त्यांना ऑपरेटर परवडत नसे, पण दोन फोन एकदम आले तर एकाला थांबवून दुसऱ्याशी बोलण्याची, आणि एका खोलीत घेतलेला फोन दुसऱ्या खोलीतल्या माणसाकडे सोपवण्याची गरज त्यांनाही होतीच. अशा ठिकाणी टेलिफोन कंपनीचे कारागीर टेबलाच्या कडेला खटक्यांचा संच बसवून देत आणि प्रत्येक गिऱ्हाइकासाठी तारांची निराळी मांडणी करत. बसवताना लागणारा वेळ तर जास्त होताच, पण खरी गैरसोय पुढे होई, कारण दुरुस्तीला येणाऱ्या दुसऱ्या कारागिराला आधी पहिल्याच्या तारा उलगडून पाहाव्या लागत.

१९३८ मध्ये बेल सिस्टिमने १ए या नावाची ठरीव पद्धत आणली आणि या विखुरलेल्या मांडण्यांना एक साचा मिळाला. १९५० च्या दशकातील १ए१ या पुढच्या आवृत्तीच्या काळात दिव्याची बटणे रूढ झाली, आणि १९५८ मध्ये अठरा किंवा तीस बटणांचा कॉल डायरेक्टर हा मोठा टेलिफोनही बाजारात आला. परंतु हौशी मंडळींच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली ती १९६३ च्या सुमारास आलेली १ए२. आधीच्या पेट्यांत रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने उघडझाप होणारे खटके, चौकटीवर स्क्रूने बसवून हाताने डाख दिलेले असत. १ए२ मध्ये एका लाइनला लागणारे सगळे रिले आणि त्यांचे सहायक भाग एका छापील सर्किटच्या कार्डावर आले, आणि ते कार्ड खाचेत सरकवले की लाइन कामाला लागे. ४०० या क्रमांकाच्या मालिकेतील ही लाइन-कार्डे, त्यांतही ४००डी हा प्रकार, इतकी पसरली की आयटीटी आणि स्ट्रॉमबर्ग-कार्लसन यांसारख्या इतर उत्पादकांनीही त्याच खाचेत बसणारी कार्डे काढली. एका मक्तेदार कंपनीच्या अंतर्गत सोयीसाठी ठरलेली रचना अशा रीतीने साऱ्या उद्योगाचे प्रमाण बनली. पन्नास-साठ वर्षांनी कोणीतरी घरी बांधलेली पेटी कुठल्याही कारखान्याच्या टेलिफोनशी जुळते, याचे श्रेय या प्रमाणीकरणाला द्यावे लागते.

टेलिफोन आणि पेटी यांना जोडणारी केबल अंगठ्याएवढी जाड असे, कारण तिच्यात पंचवीस जोड्या, म्हणजे पन्नास तारा असत. साध्या टेलिफोनला दोन तारा पुरतात. येथे प्रत्येक लाइनला सहा लागत. पहिली जोडी बोलण्याची, जिच्यावरून आवाज आणि एक्स्चेंजची वीज दोन्ही येत. दुसरी जोडी नियंत्रणाची: टेलिफोनने ही लाइन उचलली आहे हे पेटीला कळवणारी एक तार आणि तिचा परतीचा मार्ग. यांपैकी पहिलीला तंत्रज्ञ ए-तार म्हणत, आणि पुढील सर्व विवेचनात तिचेच काम मध्यवर्ती आहे. तिसरी जोडी दिव्याची. पाच लाइनच्या पंधरा जोड्या झाल्या की उरलेल्या दहांतून घंटी, बझर आणि आपसातल्या संकेतांच्या तारा जात. इतक्या तारा ओळखाव्यात म्हणून रंगांची जी पद्धत वापरली जाई ती आजही दूरसंचाराच्या केबलींत जशीच्या तशी चालू आहे. पांढरा, लाल, काळा, पिवळा आणि जांभळा हे पाच रंग एका बाजूला, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी आणि राखाडी हे पाच दुसऱ्या बाजूला, आणि त्यांच्या पाच गुणिले पाच मेळांतून पंचवीस जोड्या. पहिल्या लाइनची बोलण्याची जोडी पांढरी-निळी, नियंत्रणाची पांढरी-नारिंगी, दिव्याची पांढरी-हिरवी, आणि दुसरी लाइन पांढऱ्या-तपकिरीपासून सुरू. भिंतीवरच्या जोडपट्टीत, जिला ६६ ब्लॉक म्हणत, या तारा एका खास हत्याराने दाबून बसवल्या जात. तार सोलावी लागत नसे, कारण पट्टीतली धातूची चिरच वरचे आवरण कापून तारेला पकडे.

आता होल्डकडे वळता येईल, कारण या यंत्रणेचे खरे कौशल्य तेथे आहे. एक्स्चेंजच्या दृष्टीने चालू फोनची खूण एकच: लाइनच्या दोन तारांतून वीजप्रवाह वाहत असणे. एक्स्चेंज सुमारे ४८ व्होल्टचा दाब देते, रिसीव्हर उचलला की टेलिफोन तो मार्ग पूर्ण करतो, आणि प्रवाह थांबला की एक्स्चेंज संभाषण संपले असे मानते. म्हणजे एखाद्याला थांबवून ठेवायचे तर टेलिफोन लाइनपासून सुटण्याआधी दुसऱ्या कोणीतरी तो प्रवाह आपल्याकडे घेतला पाहिजे. लाइन-कार्ड हे काम दोन तारांमध्ये एक रोध आडवा टाकून करते. प्रश्न असा की कार्डाला ते केव्हा करायचे हे कसे कळावे, कारण बोलणाऱ्याने रिसीव्हर ठेवला काय आणि लाल बटण दाबले काय, दोन्ही वेळा टेलिफोन लाइनपासून सुटतो आणि ए-तारही तुटते. यासाठी निराळी तार किंवा निराळा संकेत ठेवलेला नाही. फरक आहे तो केवळ क्रमाचा. लाल बटण खाली जात असताना आधी ए-तारेचा संपर्क सुटतो, आणि त्यानंतर दाबून बसलेले लाइनचे बटण वर उडून बोलण्याची जोडी सुटते. रिसीव्हर ठेवताना हुकखालचे संपर्क नेमके उलट क्रमाने सुटतात, आधी बोलण्याची जोडी आणि मग ए-तार. कार्डावरचा एक रिले लाइनचा प्रवाह पाहत असतो, दुसरा ए-तारेवर लक्ष ठेवतो. प्रवाह चालू असताना ए-तार गेली तर होल्ड, प्रवाह आधी गेला तर संभाषण संपले, इतकाच निवाडा कार्डाला करायचा असतो, आणि तो काही सहस्रांश सेकंदांच्या अवधीत करायचा असतो.

थांबवलेली लाइन पुन्हा घ्यायची असली की तेच बटण कोणत्याही टेलिफोनवर दाबावे, ए-तार पुन्हा जोडली जाई आणि कार्ड आडवा रोध काढून घेई. होल्ड न दाबता थेट दुसऱ्या लाइनचे बटण दाबले तर मात्र पहिला फोन तुटे, आणि नव्याने रुजू झालेल्या कारकुनांना ही गोष्ट आधी शिकवावी लागे. थांबलेल्या माणसाला या काळात संपूर्ण शांतता ऐकू येई. ती शांतता भरून काढण्याची कल्पना आल्फ्रेड लेव्ही यांनी मांडली, आणि होल्डवर कार्यक्रम ऐकवण्याच्या त्यांच्या योजनेला १९६६ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले. आज जगभरच्या ग्राहकसेवांत वाजणाऱ्या संगीताचा उगम तेथे आहे.

दिव्यांची व्यवस्था होल्डइतकी सूक्ष्म नाही, पण तिच्यातही विचार आहे. दिव्यांना १० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज दिली जाई, आणि ती तालात तोडण्यासाठी पेटीत एक लहान मोटर असे. मोटरच्या आसावर खाचा पाडलेल्या चकत्या फिरत, त्या खाचांवरून खटके उघडझाप करत, आणि त्यांतून दोन ताल मिळत: येणाऱ्या फोनसाठी मिनिटाला साठ वेळा, अर्धा सेकंद उजेड आणि अर्धा सेकंद अंधार, होल्डसाठी मिनिटाला एकशेवीस वेळा, पण येथे दिवा बहुतांश वेळ जळत राही आणि सेकंदाच्या विसाव्या भागापुरताच मालवे. या फरकामागचे कारण सहज लक्षात येते. होल्डवरची लाइन व्यापलेली आहे, म्हणून तिचा दिवा मूलतः जळताच दिसला पाहिजे, आणि अधूनमधून मालवून त्याने कोणीतरी ताटकळत असल्याची आठवण द्यायची. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसालाही हे दोन ताल मोजल्याशिवाय वेगळे ओळखू येत. दुसरी बारीक गोष्ट घंटीविषयीची. अमेरिकेत एक्स्चेंजकडून येणारी घंटीची वीज दोन सेकंद येते आणि चार सेकंद थांबते. दिवा जर केवळ त्या विजेवर अवलंबून असता तर चार सेकंदांच्या खंडात तो पूर्ण विझला असता. म्हणून कार्ड घंटी आल्याचे लक्षात ठेवते, आणि काही सेकंद पुन्हा घंटी आली नाही तरच फोन करणाऱ्याने नाद सोडला असे समजून दिवा मालवते. ही मुदत चार सेकंदांपेक्षा थोडी जास्त हवी, पण फार जास्त झाली तर मेलेल्या फोनचा दिवा उगीच उघडझाप करत राहील.

या साऱ्या सामग्रीची मालकी गिऱ्हाइकाकडे नव्हती. टेलिफोन, केबल आणि पेटी ही कंपनीची मालमत्ता असे, टेलिफोनच्या बुडाशी तसे कोरलेले असे, आणि गिऱ्हाईक दरमहा भाडे भरी. कंपनीच्या दरपत्रकात परकी वस्तू जोडण्यास मनाई होती आणि दरपत्रकाला नियामकाची मान्यता असल्याने ती मनाई कायद्याइतकीच बळकट होती. घरात चोरून दुसरा टेलिफोन लावणारे लोक त्याची घंटी सोडवून ठेवत, कारण लाइनवरच्या घंट्यांची संख्या कंपनीला एक्स्चेंजमधून मोजता येई. मराठी वाचकाला ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही. मुंबईतील पहिले एक्स्चेंज १८८२ मध्ये खासगी कंपनीने सुरू केले होते, पण १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने तारसेवेचा एकाधिकार सरकारकडे ठेवला, आणि पुढे टपाल-तार खात्याच्या काळात घरात आलेला काळा टेलिफोन हा खात्याचाच असे. फरक एवढाच की अमेरिकेत हा एकाधिकार एका खासगी कंपनीकडे होता, आणि म्हणून तो न्यायालयात आव्हान देऊन हलवता आला.

ते आव्हान एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूवरून सुरू झाले. हश-अ-फोन ही टेलिफोनच्या तोंडाशी अडकवायची टोपी होती. तिच्यामुळे बोलणाऱ्याचा आवाज शेजारच्याला ऐकू जात नसे. तिच्यात विजेचा एक धागाही नव्हता, तरी कंपनीने तिला हरकत घेतली, आणि १९५६ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या विरोधात निकाल दिला. त्यानंतर टेक्सासमधील टॉमस कार्टर यांच्या कार्टरफोनचे प्रकरण आले. हे उपकरण टेलिफोन आणि वायरलेस यांची सांगड घालणारे होते, आणि १९६८ मध्ये केंद्रीय दूरसंचार आयोगाने जाळ्याला अपाय न करणारी उपकरणे जोडण्यास कंपनीने आडकाठी करू नये असे ठरवले. तरीही काही वर्षे कंपनी मधे एक संरक्षक जोडणी भाड्याने घ्यायला लावत असे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात उपकरणांची नोंदणी करण्याची पद्धत लागू झाली तेव्हाच तो मधला अडसर दूर झाला. १ जानेवारी १९८४ रोजी बेल सिस्टिमचे विभाजन झाले. या निर्णयांकडे बहुधा स्पर्धेच्या आणि भांडवलाच्या दृष्टीने पाहिले जाते. परंतु स्वतः बांधलेली पेटी सार्वजनिक लाइनला उघडपणे जोडता येणे ही गोष्टही याच निकालांमधून आली, आणि सामान्य माणसाच्या हातात तंत्रज्ञान येण्याच्या इतिहासात तिला आजवर मिळाले आहे त्यापेक्षा मोठे स्थान मिळायला हवे.

विभाजनाच्या सुमारास १ए२ चा काळ तांत्रिक दृष्ट्याही संपत आला होता. बेल सिस्टिमची मूळ कंपनी एटी अँड टी हिची मर्लिन आणि तिच्यासारख्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांना पंचवीसऐवजी मोजक्याच जोड्या पुरत, कारण दिव्यांची आणि बटणांची माहिती तारांच्या संख्येऐवजी अंकीय संकेतांनी जाई. भारतात त्याच १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, आणि येथील कचेऱ्यांचा अनेक लाइन हाताळण्याचा प्रश्न पुढे लहान इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजांनी सोडवला. १ए२ ची पायरी येथे आलीच नाही. अमेरिकेतील कचेऱ्यांतून मात्र लाखो बटणांचे टेलिफोन निघाले. टेलिफोन देखणे आणि दणकट होते, हातात धरून नेता येत होते, म्हणून ते घराघरांत, जुन्या बाजारांत आणि संग्राहकांच्या कपाटांत गेले. पेटी जड होती, भिंतीला आणि केबलींना जखडलेली होती, आणि तिच्यातल्या तांब्याला व रिलेच्या संपर्कांवरील मौल्यवान धातूला भंगारात भाव होता. तिची गत त्यामुळे ठरलेलीच होती.

असा टेलिफोन पेटीविना लाइनला जोडला तर काय होते, हा घरगुती बांधणीचा पहिला धडा असतो. पांढऱ्या-निळ्या जोडीला लाइन दिली की पहिल्या बटणावर बोलता येते, नंबरही फिरवता येतो. पण दिवे मुके राहतात, घंटी वाजत नाही, कारण तिच्या तारा वेगळ्या असतात, आणि लाल बटण दाबले की फोन सरळ तुटतो, कारण लाइन धरून ठेवणारे पलीकडे कोणी नसते. येथून पुढे दोन वाटा फुटतात. काही जण जुनी कार्डे मिळवून त्यांच्याभोवती केवळ वीजपुरवठा आणि ताल देणारा भाग नव्याने बांधतात; काही जण कार्डासकट सर्व काही स्वतः करतात. पहिल्या वाटेवर मूळ रिलेचा आवाज आणि वागणूक तशीच मिळते, म्हणून जतनाच्या दृष्टीने ती श्रेष्ठ मानावी लागेल. ज्ञानाच्या दृष्टीने दुसरी वाट अधिक फलदायी ठरते, आणि येथे तिचाच विचार केला आहे. दोन्ही वाटांवरचा आधारग्रंथ एकच, बेल सिस्टिम प्रॅक्टिसेस. कारागिरांसाठी छापलेल्या या सूचनांचे ५१८ या अंकांनी सुरू होणारे भाग की-टेलिफोनविषयी आहेत, आणि निवृत्त कर्मचाऱ्यांनी व संग्राहकांच्या संस्थांनी त्यांच्या प्रती जपल्या, स्कॅन केल्या, म्हणूनच ही विद्या टिकली.

तालाचा भाग सोपा. १९७० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या ५५५ या टायमर चिपने मोटर आणि चकत्यांची जागा घेतली. मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आजही काही रुपयांना मिळणारी ही चिप साध्या जोडणीत उजेडाचा काळ अंधारापेक्षा नेहमीच मोठा ठेवते, आणि होल्डच्या तालाला नेमके तेच हवे असते. शिवाय एकशेवीसचा ताल दोनने भागणारे सर्किट पुढे जोडले की साठचा ताल आपोआप मिळतो, आणि त्यात उजेड व अंधार अगदी समसमान येतात. दिव्यांच्या विजेकडे मात्र लक्ष द्यावे लागते. एक दिवा सुमारे ४० मिलिअँपिअर घेतो, एका लाइनचे दिवे सर्व टेलिफोनवर एकत्र जळतात, आणि पाच लाइनचे पाच टेलिफोन असले तर सगळे मिळून एक अँपिअर होतो. चिपच्या पायातून इतका प्रवाह निघत नाही, म्हणून मधे रिले किंवा ट्रायॅक, म्हणजे प्रत्यावर्ती विजेचा इलेक्ट्रॉनिक खटका, घालावा लागतो. एलईडी वापरून हा भार कमी करता येतो, पण तंतूचा दिवा सेकंदाच्या विसाव्या भागात पुरता थंड होत नाही, तो किंचित मंदावून पुन्हा उजळतो, तर एलईडी पूर्ण विझून पुन्हा लागतो, आणि होल्डचा सौम्य ताल त्याने कर्कश होतो.

घंटी ओळखण्यासाठी लाइनला एक कपॅसिटर आणि ऑप्टोकपलर जोडतात. ऑप्टोकपलर म्हणजे एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा भाग असलेली बंद डबी. तिच्यामुळे टेलिफोनची लाइन आणि पेटीतली वीज यांचा प्रत्यक्ष संबंध येत नाही. घंटीचा दाब ९० व्होल्टच्या आसपास असतो, तेव्हा हे विलगीकरण सुरक्षिततेसाठी अनिवार्य आहे. पण तबकडी फिरवताना लाइन भराभर तुटते-जुळते आणि त्या धक्क्यांनाही हा भाग घंटी समजतो. मग नंबर फिरवता फिरवता दिवा उघडझाप करू लागतो. उपाय असा की ए-तार जोडलेली असताना घंटीकडे दुर्लक्षच करायचे, आणि मूळ कार्डाने नेमके हेच केलेले असते.

सर्वांत अधिक बांधणाऱ्यांना अडवतो तो होल्ड. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रामवर चालणारी चिप, वापरणारा प्रोग्रामर सवयीने प्रत्येक बटणाच्या संकेताला काही क्षण स्थिर होऊ देतो, कारण यांत्रिक संपर्क तुटताना थरथरतो आणि एकाच दाबण्याचे अनेक दाब मोजले जातात. येथे ती सवय घातक ठरते. ए-तार खरोखर तुटली आहे याची खात्री होईपर्यंत प्रोग्राम थांबला आणि मग लाइनचा प्रवाह तपासला, तर तोवर बोलण्याची जोडी सुटलेली असते, प्रवाह शून्य दिसतो, आणि पेटी होल्डऐवजी संभाषण संपल्याचा निवाडा देते. बोट हळू दाबले तर होल्ड लागतो, झटक्यात दाबले तर फोन तुटतो, असा विचित्र दोष मग दिसू लागतो. यावर तोडगा असा की ए-तार पहिल्यांदा हलली त्या क्षणीची प्रवाहाची स्थिती नोंदवून ठेवायची, आडवा रोध लगेच जोडायचा, आणि खात्री नंतर करायची. खात्री न पटल्यास रोध काढून घेता येतो. रिले-कार्डाच्या रचनाकारांना हा विचार शब्दांत मांडावा लागला नाही, कारण रिलेंच्या संपर्कांच्या जोडणीतच तो होता. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र तो ओळीओळीने उमजून घ्यावा लागतो, आणि १९३८ पासून टेलिफोनच्या बटणांत संपर्कांचा क्रम इतक्या काटेकोरपणे का राखला गेला हे त्याला तेव्हा कळते.

तांब्याच्या लाइन आता खुद्द अमेरिकेतही काढल्या जात आहेत, त्यामुळे घरगुती पेटीच्या पलीकडे आज बहुधा इंटरनेटवरून आवाज नेणारा लहान अडॅप्टर असतो, काही घरांत त्यामागे अॅस्टरिस्क हे मुक्त सॉफ्टवेअर चालवणारा संगणक असतो, आणि अशा संगणकांच्या आधारे संग्राहकांनी आपापली जुनी यंत्रे एकमेकांशी जोडली आहेत. या बदलाने जुन्या रचनेचा एक गुण नव्याने पुढे आला. अडॅप्टरची घंटी वाजवण्याची ताकद तोकडी असते आणि चार-पाच जुन्या घंट्या तो एकदम वाजवू शकत नाही. पण १ए२ मध्ये घंट्यांना वीज लाइनकडून मिळत नसे, ती पेटीतून वेगळ्या तारांनी जाई, म्हणून पेटीचा घंटी-पुरवठा दमदार असला की अडॅप्टरवर केवळ ओळखणाऱ्या भागाचाच भार पडतो. अडचणही तशीच जुन्या रचनेतून उद्भवते. होल्डवर ताटकळलेल्या माणसाने कंटाळून फोन ठेवला तर एक्स्चेंज क्षणभर लाइनचा प्रवाह तोडते, आणि नंतरच्या काळातील कार्डे तो खंड ओळखून होल्ड सोडून देत. अनेक अडॅप्टर हा खंड देतच नाहीत, किंवा तो देण्याची सोय त्यांच्या मांडणीत बंद ठेवलेली असते. मग पेटी निर्जीव लाइन तासन्‌तास धरून बसते आणि तिचा दिवा लुकलुकत राहतो. अडॅप्टरमधली ती सोय शोधून चालू करावी लागते, खंडाची मुदत कार्डाच्या रिलेला जाणवेल इतकी वाढवावी लागते, आणि अडॅप्टरमध्ये तशी सोयच नसली तर घरगुती पेटीत ठरावीक वेळाने होल्ड सोडणारा टायमर वेगळा घालावा लागतो.